शुक्र, वायुनौका आणि वृत्तपत्रे : १८९६-९७ ची अमेरिकी लाट

इ. स. १८९६ च्या नोव्हेंबरपासून १८९७ च्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत, प्रथम कॅलिफोर्नियात आणि नंतर मध्य व दक्षिणेकडील अनेक राज्यांत, रात्रीच्या आकाशातून प्रखर दिवा घेऊन जाणारी वायुनौका पाहिल्याचे असंख्य लोकांनी सांगितले आणि गावोगावच्या वृत्तपत्रांनी ते छापले. वायुनौका, म्हणजे इंग्रजीतील एअरशिप, हे हवेपेक्षा हलक्या वायूने फुगवलेले लांबट पोटाचे वाहन असते. त्याच्याखाली यंत्र व माणसे बसण्याची जागा असते आणि सुकाणूच्या साहाय्याने ते हवे तिकडे वळवता येते, एवढाच साध्या फुग्यात व त्यात मुख्य फरक. ‘उडत्या तबकड्या’ हा शब्दप्रयोग १९४७ च्या जूनमध्ये, केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वतानजीक नऊ चमकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितल्यानंतर, रूढ झाला. परंतु आकाशातील अज्ञात वस्तूंच्या सामूहिक दर्शनाची लाट म्हणून आज ज्या घटनेचा अभ्यास होतो, तिची जवळजवळ सगळी लक्षणे त्याच्या पन्नास वर्षे आधीच्या या प्रकरणात सापडतात. शिवाय येथे अभ्यासकाला एक मोठी सोय आहे, कारण लोकांनी जे पाहिल्याचे सांगितले ते त्या वेळी अस्तित्वात असणे जवळजवळ अशक्य होते, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासावरून बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

वायुनौकेची कल्पना मात्र त्या वेळी नवी नव्हती. फ्रान्समध्ये आँरी जिफार याने १८५२ मध्ये वाफेच्या यंत्रावर चालणारा लांबट फुगा पॅरिसहून सुमारे २७ किलोमीटर नेला होता, आणि १८८४ मध्ये रनार व क्रेब्स या लष्करी अधिकाऱ्यांची ‘ला फ्रान्स’ ही विजेच्या मोटारीवरील वायुनौका २३ मिनिटांत आठेक किलोमीटरची फेरी मारून निघाल्या जागी परत उतरली होती. पण तिची विद्युतघटमाला इतकी जड होती आणि वेग इतका बेताचा होता की जरा जोराचा वारा सुटला की तिचा उपयोग संपत असे. खुद्द १८९६ हे वर्ष उड्डाणाच्या बातम्यांनी भरलेले होते. मे महिन्यात सॅम्युअल लँग्लीच्या वाफेवरील, माणूस नसलेल्या प्रतिकृतीने पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उड्डाण केले, उन्हाळ्यात ऑक्टाव्ह शनूट मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडरचे प्रयोग करीत होता, आणि ऑगस्टमध्ये जर्मनीत ओटो लिलिएनथाल ग्लायडरच्या अपघातात मरण पावला. झेपेलिनची पहिली वायुनौका १९०० च्या जुलैमध्ये उडाली आणि अमेरिकेत सुकाणूने वळवून निघाल्या ठिकाणी परत आणलेली पहिली वायुनौका, टॉमस बाल्डविनची ‘कॅलिफोर्निया ॲरो’, ऑकलंड येथे १९०४ च्या ऑगस्टमध्ये. याचा अर्थ असा की १८९६ चा सुशिक्षित अमेरिकी नागरिक वायुनौकेला चमत्कार मानीत नव्हता. ती आज ना उद्या येणारच, आणि बहुधा एखादा अमेरिकी संशोधक ती गुपचूप बांधत असेल, अशी त्याची धारणा होती. ज्यूल व्हर्नच्या १८८६ च्या ‘रोब्यूर’ या कादंबरीचा आरंभच जगभर दिसणाऱ्या व कोणालाही न उलगडणाऱ्या आकाशस्थ वस्तूपासून होतो, आणि फ्रँक रीड या तरुण संशोधकाच्या उडत्या यंत्रांच्या स्वस्त कथामाला अमेरिकेतील मुले त्या काळी आवडीने वाचत होती. दर्शनाच्या आधी अपेक्षा पक्की झाली होती.

लाटेची सुरुवात १७ नोव्हेंबर १८९६ च्या संध्याकाळी सॅक्रामेंटो या कॅलिफोर्नियाच्या राजधानीत झाली. आभाळ ढगाळ होते, आणि रस्त्यावरील चापदिव्यासारखा, म्हणजे दोन कोळशांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटवणाऱ्या त्या काळच्या दिव्यासारखा, एक प्रकाश शहरावरून सावकाश सरकत नैर्ऋत्येकडे गेल्याचे अनेकांनी सांगितले. काहींनी त्यामागे लांबट आकार पाहिला, तर काहींनी वरून माणसांचे बोलणे ऐकल्याचा दावा केला. काही दिवसांनी तो प्रकाश पुन्हा दिसला आणि सॅन फ्रान्सिस्को व ऑकलंड येथूनही बातम्या येऊ लागल्या. याच सुमारास जॉर्ज कॉलिन्स नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोतील वकिलाने, या वायुनौकेचा निर्माता आपला अशील असून पेटंट मिळेपर्यंत त्याचे नाव सांगता येत नाही, असे जाहीर केले. ‘सॅन फ्रान्सिस्को कॉल’ या वृत्तपत्राने ही बातमी उचलून धरली, तर हर्स्टच्या मालकीच्या ‘एक्झामिनर’ने तिच्याविषयी संशयाची भूमिका घेतली. वार्ताहरांनी पिच्छा पुरवल्यावर कॉलिन्स आपल्या विधानांवरून मागे हटला, तेव्हा त्याची जागा राज्याचे माजी महाधिवक्ता विल्यम हार्ट यांनी घेतली आणि वायुनौकेचा उपयोग हवानावर बाँब टाकण्यासाठी होणार असल्याचे सांगितले. क्यूबातील जनता १८९५ पासून स्पेनविरुद्ध लढत होती आणि अमेरिकी वाचकांची सहानुभूती तिच्या बाजूने होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विधानाचे प्रयोजन उघड होते. वायुनौका दिसली असे म्हणणे आणि तिच्याकडून काय हवे आहे ते म्हणणे, या दोन गोष्टी पहिल्या आठवड्यातच एकमेकींत मिसळल्या होत्या. डिसेंबरच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील बातम्या ओसरल्या.

१८९७ च्या फेब्रुवारीत नेब्रास्कातील हेस्टिंग्ज परिसरातून नवी बातमी आली आणि मार्चअखेर लाट कॅन्ससमध्ये पोचली, जिथे राज्याचे गव्हर्नर जॉन लीडी यांचेही नाव पाहणाऱ्यांत घेतले गेले. ९ एप्रिलच्या रात्री शिकागोत रस्त्यांवर व गच्च्यांवर लोक जमले. त्यानंतर टेक्सास, आर्कान्सा, मिसुरी असा विस्तार होत गेला आणि बातम्यांचे स्वरूपही पालटले. आता वायुनौका शेतात उतरत होती, तिचे चालक विहिरीचे पाणी मागत होते, दुरुस्तीसाठी सामान मागत होते आणि आपले नाव विल्सन असल्याचे सांगत होते. वसंत ऋतूतील या बातम्यांत जे जे तपशील वाढत गेले, ते सर्व रोजच्या ओळखीचे आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परग्रहावरील प्राणी त्यांत क्वचितच भेटतात. भेटतो तो टोपी घातलेला, तेलाने हात माखलेला, मोकळेपणाने बोलणारा अमेरिकी यंत्रकार.

समकालीनांनी दिलेली स्पष्टीकरणे तीन प्रकारची होती. पहिले गुप्त संशोधकाचे. परंतु असे यंत्र बांधायला लागणारी कार्यशाळा, कामगार, वायू तयार करण्याची सोय आणि भांडवल यांचा मागमूस तेव्हाही लागला नाही व पुढेही नाही. शिवाय असा शोध लावणारा मनुष्य तो लपवून ठेवील, हे त्या पेटंटवेड्या दशकात पटण्यासारखे नाही. टॉमस एडिसनचे नाव अपरिहार्यपणे घेतले गेले, त्याच्या नावे लिहिलेले एक पत्र वायुनौकेतून पडल्याची बातमीही इलिनॉयमधून आली, आणि अखेर त्याला आपला संबंध नाकारावा लागला. दुसरे स्पष्टीकरण थट्टेचे होते. कागदी फुग्याखाली मेणबत्ती लावून सोडणे हा सोपा आणि जुना खेळ होता, आणि आयोवातील काही बातम्या रेल्वेच्या तारखात्यातील माणसांनी गंमत म्हणून पसरवल्या होत्या, असे पुढे सांगितले गेले. तिसरे स्पष्टीकरण ज्योतिर्विदांचे. इव्हान्स्टन येथील डिअरबॉर्न वेधशाळेचे संचालक जॉर्ज हफ यांनी, लोक पाहत आहेत तो मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा असल्याचे सांगितले. इतरांनी शुक्राकडे बोट दाखवले. वाचकांना हे उत्तर अपमानकारक वाटले, कारण आपण जन्मभर पाहिलेला तारा आपल्याला ओळखता आला नाही, असा त्याचा अर्थ होत होता.

शुक्राच्या बाबतीत मात्र ज्योतिर्विदांची बाजू तेव्हा वाटली त्यापेक्षा भक्कम होती. १८९६ च्या शरद ऋतूत शुक्र संध्याकाळच्या आकाशात नुकताच वर येऊ लागला होता, १८९७ च्या फेब्रुवारीच्या मध्यास तो सूर्यापासून पूर्वेकडे जास्तीत जास्त दूर गेला, मार्चच्या उत्तरार्धात त्याचे तेज कळसाला पोचले, आणि एप्रिलच्या अखेरीस तो पृथ्वी व सूर्य यांच्यामध्ये येऊन सूर्याच्या प्रकाशात लोपला. या शेवटच्या अवस्थेला अंतर्युती म्हणतात आणि तिच्या आगेमागे काही दिवस शुक्र दिसत नाही. पंचांगातल्या शुक्राच्या अस्तांपैकी एक तो हाच. लाटेचा चढ आणि उतार या वेळापत्रकाशी ठळकपणे जुळतो, कारण बातम्यांचा भर मार्चअखेर ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि मे महिन्यात त्या विरून जातात. पश्चिमेकडे जाणारी, कित्येक तास दिसणारी आणि शेवटी क्षितिजाआड होणारी वायुनौका ही मावळत्या ग्रहाची वागणूक आहे, आणि दिव्याचा रंग तांबडा, हिरवा, पांढरा असा पालटत असल्याचे साक्षीदार सांगतात ते क्षितिजालगतच्या हवेच्या दाट थरांतून येणाऱ्या प्रकाशाला शोभणारे आहे.

एक शंका उरते, की स्थिर दिसणारा ग्रह शहरावरून उडत जाताना कसा दिसेल. याचे उत्तर मानसशास्त्राने पुढे दिले. काळोखात एकट्या प्रकाशबिंदूकडे एकटक पाहिले असता, तुलनेला दुसरे काही नसल्यामुळे, तो बिंदू हलत असल्याचा भास होतो. या भासाला स्वयंगतीचा भास म्हणतात. मुझफ्फर शेरिफ या तुर्की मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंधाऱ्या खोलीतील असा बिंदू लोकांना दाखवला आणि तो किती हलला ते विचारले. एकेकट्याला विचारले असता अंदाज फार वेगवेगळे येत, पण एकत्र बसवून मोठ्याने सांगायला लावले की सर्वांचे अंदाज हळूहळू एका आकड्याजवळ येत, आणि नंतर एकटे असतानाही माणसे तोच आकडा धरून राहत. शिकागोच्या गच्चीवर जमलेल्या गर्दीला लागू पडेल असा याहून नेमका प्रयोग सापडणे कठीण आहे. या माणसांना खोटारडी ठरवण्याचे काही कारण नाही, आणि वेडी ठरवण्याचे तर मुळीच नाही. काही लेखकांनी या लाटेला सामूहिक उन्माद म्हटले आहे, परंतु उन्मादात अपेक्षित असलेली भीती, पळापळ किंवा आजार यांतले येथे फारसे काहीच आढळत नाही. आढळते ते कुतूहल आणि बऱ्याच अंशी आनंद.

तरीही शुक्रावर सगळा भार टाकता येत नाही, आणि हे सांगण्याचे कर्तव्य इतिहासकाराचे आहे. सॅक्रामेंटोतील पहिला प्रकाश ढगाळ आभाळातून शहराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, असे सांगणारे साक्षीदार अनेक होते. ते वर्णन ग्रहाला लावायचे तर फारच ताणावे लागते, आणि दिवा बांधून सोडलेला फुगा हे त्याला अधिक जवळचे उत्तर आहे. याहून महत्त्वाचा आक्षेप खगोलशास्त्रातूनच निघतो. शुक्राच्या अंतर्युतींमध्ये सुमारे ५८४ दिवसांचे अंतर असते, आणि अशी पाच आवर्तने आठ वर्षांत, दोन-तीन दिवसांच्या फरकाने, पूर्ण होतात; म्हणून दर आठ वर्षांनी शुक्र त्याच ऋतूत आकाशाच्या त्याच भागात तितकाच तेजस्वी दिसतो, आणि हे बॅबिलोनच्या ज्योतिषांनाही ठाऊक होते. याचा अर्थ असा की १८९७ च्या वसंतातील आकाश १८८९ मध्ये दिसून गेले होते आणि १९०५ व १९१३ मध्येही दिसणार होते. १८८९ मध्ये अमेरिकेत अशी कोणतीही लाट उसळली नाही. मग पुढच्या दोन खेपांना काय झाले, या प्रश्नाला या विषयाच्या अभ्यासात मिळायला हवे तितके महत्त्व अजून मिळालेले नाही.

१९०४ च्या अखेरीपासून १९०५ च्या वसंतापर्यंत वेल्समध्ये ख्रिस्ती धर्मजागृतीची मोठी चळवळ चालू होती. इव्हान रॉबर्ट्स हा तरुण उपदेशक तिचा प्रमुख चेहरा होता, पण उत्तरेकडे, बारमथ व हार्लेख यांच्या दरम्यान समुद्रकाठी असलेल्या एग्रिन येथे मेरी जोन्स ही शेतकरी स्त्री सभा घेत होती, आणि तिच्या सभांच्या आगेमागे आकाशात दिवे व तारे दिसत असल्याचे लोक सांगत. फेब्रुवारीत लंडनच्या ‘डेली मेल’ व ‘डेली मिरर’ने आपले वार्ताहर तिकडे धाडले, आणि त्यांनाही प्रकाश दिसले. एग्रिनचा किनारा पश्चिमेला कार्डिगन उपसागराकडे तोंड करून आहे, आणि त्या फेब्रुवारीत सायंकाळी समुद्रावर शुक्र आपल्या पूर्ण तेजाकडे निघालेला होता. तेथील सर्वच दिवे शुक्र होते असे नाही. काहींची वर्णने रस्त्यालगत, छपरांवर, अगदी जवळ दिसलेल्या ज्योतींची आहेत आणि ती या स्पष्टीकरणात बसत नाहीत. पण ज्या वर्णनांत पश्चिमेकडील मोठा तेजस्वी तारा येतो, तिथे शंकेला जागा थोडी उरते. कॅन्ससमध्ये ज्या ग्रहाखाली यंत्र आणि यंत्रकार दिसले, त्याच ग्रहाच्या त्याच स्थितीत एग्रिनच्या भाविकांना दैवी खूण दिसली. वेल्समध्ये त्या हिवाळ्यात कोणी वायुनौकेची वाट पाहत नव्हते.

१९१३ साली वाट पाहिली जात होती, तीही धास्तीने. मधल्या काळात ब्रिटनमध्ये एक लाट येऊन गेली होती आणि ती शुक्राच्या सिद्धान्ताची चांगली कसोटी पाहते. १९०९ च्या मार्चमध्ये पीटरबरो येथे पहाटेच्या गस्तीवरील एका शिपायाने यंत्राचा आवाज ऐकून दिवा लावलेली लांबट वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि मे महिन्यात पूर्व इंग्लंडपासून वेल्सपर्यंत तशा बातम्यांचा पूर आला. या वेळी शुक्र सूर्यामागे असल्यामुळे दिसतच नव्हता. पीटरबरोच्या पोलिसांनी पुढे दिलेला खुलासा असा, की आवाज एका बेकरीतील मोटारीचा होता आणि दिवा पतंगाला बांधलेल्या कंदिलाचा. लाट उठवण्याचे काम येथे जर्मनीने केले, म्हणजे जर्मनीविषयीच्या भीतीने. त्याच मार्चमध्ये जर्मन युद्धनौकांच्या संख्येवरून संसदेत वादळ उठले होते, एच. जी. वेल्सची ‘द वॉर इन द एअर’ ही कादंबरी आदल्या वर्षी प्रसिद्ध झाली होती, आणि झेपेलिनच्या उड्डाणांचे वृत्तान्त रोज छापले जात होते. गमतीचा भाग कमी आणि गंभीर भाग जास्त असा की ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ यांनीच बर्लिनहून लिहून, या बातम्यांमुळे ब्रिटिशांचे हसे होत असल्याची तक्रार केली. जर्मनद्वेष पिकवणारे पत्र आपल्याच पिकाला घाबरले होते.

म्हणून ‘शुक्र की समाज’ अशी निवड करायला लावणारी मांडणी अपुरी ठरते. आकाशात ठळक प्रकाश असणे आणि जमिनीवर त्याला देण्यासाठी अर्थ तयार असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की लाट मोठी व दीर्घ होते. १८९७ मध्ये तसे झाले. अर्थ तयार आहे आणि ग्रह नाही, अशा वेळी पतंग, कंदील व बेकरी यांवरही भागते, पण लाट काही आठवड्यांत बसते. ग्रह आहे आणि अर्थ नाही, अशा वेळी काहीच घडत नाही, जसे १८८९ मध्ये. आणि अर्थ छापला जाण्यासाठी वृत्तपत्र लागते. १८९० च्या दशकातील अमेरिकी गावांत दोन-दोन, तीन-तीन वृत्तपत्रे एकमेकांशी स्पर्धा करीत होती आणि तारेमुळे नेब्रास्कातील बातमी दुसऱ्या दिवशी टेक्सासमध्ये पोचत होती, ही गोष्ट ग्रहाच्या तेजाइतकीच निर्णायक आहे.

वृत्तपत्रांचा वाटा किती होता, ते १८९७ च्या एप्रिलमधील दोन बातम्यांवरून कळते. कॅन्ससमधील ले रॉय जवळच्या अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रतिष्ठित शेतकऱ्याने, वायुनौकेतील विचित्र प्राण्यांनी आपले वासरू दोरीने उचलून नेल्याचे सांगितले आणि गावातील मान्यवरांनी त्याच्या सचोटीची ग्वाही देणारे प्रतिज्ञापत्र सही करून दिले. १९६० च्या दशकात उडत्या तबकड्यांच्या अभ्यासकांना ही बातमी सापडली, तेव्हा इतक्या सह्या पाहून त्यांनी ती खरी मानली. पुढे १९७० च्या दशकात अशाच एका अभ्यासकाने, जेरोम क्लार्क यांनी, हॅमिल्टन व त्याचे मित्र थापा रचण्याचे एक मंडळ चालवीत होते आणि वासराची कथा तिथलीच होती, हे उघड केले. दुसरी बातमी टेक्सासमधील ऑरोरा गावची. तेथे वायुनौका एका न्यायाधीशाच्या पवनचक्कीला धडकून फुटली आणि तिच्या चालकाला, जो मंगळावरचा असावा, गावाच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली, असे ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ने १९ एप्रिलला छापले. बातमीत ज्याला लष्करी संदेशखात्यातील खगोलज्ञ म्हटले आहे, तो गावातला लोहार होता. त्या काळी ऑरोरा रोगराईने पोखरले होते, रेल्वेमार्गाने त्याला टाळले होते, आणि ही बातमी लिहिणाऱ्या कापूस व्यापाऱ्याला गावाकडे लोकांचे लक्ष वेधायचे होते, असे तेथील जुन्या रहिवाशांचे म्हणणे नंतर नोंदले गेले. दफनभूमीच्या फलकावर आज या दंतकथेचा उल्लेख आहे, आणि १९७० च्या दशकात तेथे खोदकामाची परवानगी मागणाऱ्यांना ती नाकारण्यात आली. प्रतिज्ञापत्रे, पदव्या आणि सह्या यांच्या आधारावर जुन्या वृत्तपत्रांतील विलक्षण गोष्टी स्वीकारणाऱ्यांनी ही दोन प्रकरणे बारकाईने पाहायला हवीत. साक्षीदाराची पत गावाला माहीत असते, पण साठ-सत्तर वर्षांनी वाचणाऱ्याला ते गाव माहीत नसते.

१९१३ च्या खेपेला ब्रिटनमध्ये आलेली मोठी लाट १९१२ च्या ऑक्टोबरमध्येच सुरू झाली. १४ ऑक्टोबरच्या सायंकाळी टेम्सच्या मुखाजवळील शिअरनेस या नौदलाच्या तळावर आकाशातून यंत्राचा आवाज ऐकू आला आणि जवळच्या ईस्टचर्च विमानतळावर, कोणी उतरू पाहत असेल या समजुतीने, मशाली पेटवण्यात आल्या. नोव्हेंबरअखेर हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न विचारला गेला तेव्हा नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी आवाज ऐकू आल्याचे मान्य केले आणि ते वाहन कोणाचे होते ते कळले नसल्याचे सांगितले. जर्मन नौदलाची एल-१ ही झेपेलिन वायुनौका १३ व १४ ऑक्टोबरला दीर्घ चाचणी उड्डाणावर होती, त्यामुळे या संपूर्ण इतिहासातील हे एकमेव प्रकरण असे आहे की ज्यात खरी वायुनौका निदान आकाशात होती. ती समुद्र ओलांडून इंग्लंडवर आल्याचा पुरावा मात्र नाही. संसदेतील उत्तराने संशयाला सरकारी शिक्का मिळाला. १९१३ च्या जानेवारी व फेब्रुवारीत डोव्हर, कार्डिफ, लिव्हरपूल, हल अशा ठिकाणांहून बातम्या येत राहिल्या, आणि आठ वर्षांपूर्वी एग्रिनच्या समुद्रावर चमकलेला शुक्र त्या सायंकाळी त्याच दिशेला, तेवढ्याच तेजाने दिसत होता. ज्योतिर्विदांनी या वेळीही त्याकडे लक्ष वेधले. संसदेने मात्र फेब्रुवारीच्या मध्यास, अगदी थोड्या दिवसांच्या चर्चेनंतर, हवाई वाहतुकीचा नवा कायदा संमत केला. त्यानुसार निषिद्ध प्रदेशांवरून उडणाऱ्या व इशाऱ्याला न जुमानणाऱ्या वाहनांवर गोळीबार करण्याचा अधिकार सैन्याला मिळाला.